नाथांची सोंगे आणि आपले हसू

खानदेशात ज्याचा जन्म गेला त्याला बोलींचे वैचित्र्य पुस्तकातून शिकावे लागत नाही. जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारात घटकाभर उभे राहावे. अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, पावरी, हिंदी अशा कितीतरी बोली कानांवर पडतात. एकाने दुसऱ्याच्या बोलीची नक्कल करावी आणि भोवतालच्यांनी हसावे, ही आमच्याकडील जुनीच करमणूक आहे. ती सर्वस्वी निर्दोष असते काय, हा प्रश्न पुष्कळांना सुचतही नाही. मलाही तो उशिराच सुचला, आणि तोही एकनाथांच्या भारुडामुळे.

सोंगी भारूड वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिले असेलच. टाळमृदंगाच्या साथीवर एक गायक कधी फकिराची कफनी चढवून, कधी मोरपिसांची टोपी घालून वासुदेवाच्या रूपाने पुढे येतो. चालण्याबोलण्यातील लकबींनी तो मंडळींना मनसोक्त हसवतो, साथीदार त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारतात, आणि हसू ऐन भरात आले असता तो निरूपणास आरंभ करतो. मग उमगते की सोंग दुसऱ्याचे असले तरी वर्म आपले काढले जात आहे.

‘भारूड’ शब्दाची व्युत्पत्ती कोणी ‘बहुरूढ’ या शब्दापासून लावतात, कोणी भारुंड पक्ष्यापासून. पंचतंत्रातील या पक्ष्याला पोट एक आणि तोंडे दोन. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, उपमा मात्र चपखल आहे. भारुडाचेही एक तोंड हसवते आणि दुसरे शिकवते. परक्यांची सोंगे आपल्या संस्कृत प्रहसनांतही आहेत. सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मा याच्या ‘मत्तविलासा’त कापालिक आणि बौद्ध भिक्षू एका कपालपात्रावरून भांडतात. तेथे प्रेक्षक दूर बसून त्या दोघांना हसतो. नाथांच्या भारुडात श्रोत्याला असे दूर बसता येत नाही.

नाथ पैठणचे ब्राह्मण, संस्कृतात पारंगत, १५७३ साली काशीस बसून भागवताची टीका पूर्ण करणारे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. तेव्हा फकिराची दखनी भाषाही त्यांच्या कानांवर सहज आली असणार. नाथांची भारुडे सुमारे ३०० आहेत. त्यांतील चाळीसांहून अधिक गावच्या महाराच्या तोंडी आहेत. ‘जोहार’ हा त्याने गावच्या अधिकाऱ्यांना करावयाचा मुजरा. नाथांनी देहालाच गाव कल्पिले आणि त्या गावात विकारांनी मांडलेला गोंधळ सांगण्याचे काम या सेवकाकडे दिले. ज्याला गाव वेशीबाहेर ठेवी, तोच येथे गावाला शहाणपण शिकवतो. हिंदू-तुर्क संवादात तर दोघे एकमेकांच्या धर्मातील उणी हिरिरीने काढतात, आणि शेवटी एकमेकांस आलिंगन देतात. अर्थात, नाथांच्या लेखणीने वेस पुसली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि त्यांनी स्वतः वेशीपलीकडे जाऊन उभे राहण्याचे धैर्य दाखवले, एवढे निश्चित.

आता माझ्या चुकीची हकीकत सांगतो. सुमारे ३० वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एक जोहार बसवला. भूमिका एका चुणचुणीत ब्राह्मण मुलाला दिली. कमरेत किती वाकावे, काठी कशी आपटावी, शब्द कसे ओढावेत, हे सर्व मीच शिकवले. पद लांबते म्हणून निरूपणाचा भाग गाळला. प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या, आणि मी धन्य झालो.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. ते बौद्ध समाजाचे. आवाज न चढवता म्हणाले, “गुरुजी, नाथांनी त्याच्या तोंडी ज्ञान घातलं होतं. तुम्ही ज्ञान काढून घेतलं आणि त्याचं वाकणं तेवढं ठेवलं. माझ्या आज्याला खरोखर असं वाकावं लागे.” १९५६ साली ज्यांनी धर्मांतराबरोबर तो मुजराही कायमचा टाकला, त्यांच्या नातवंडांसमोर मी तो हशासाठी पुन्हा घडवून आणला होता. मला उत्तर सुचले नाही.

पुढील वर्षी प्रायश्चित्त म्हणून संपूर्ण पद बसवावे आणि मुख्य भूमिका त्यांच्याच मुलाला द्यावी, असे मी योजिले. मुलगा नम्रपणे म्हणाला, “सर, ते सोंग तुम्हीच घ्या.” प्रथम मला ते बोलणे लागले. मग ध्यानात आले की नाथांनीही हेच केले होते. दुसऱ्याला पुढे न करता ते स्वतः त्या भूमिकेत शिरले होते. मी घोंगडी खांद्यावर टाकून रंगमंचावर उभा राहिलो. निरूपण एका शब्दानेही गाळले नाही. त्या दिवशी हशा थोडा झाला, आणि माझ्या घशाला मात्र कोरड पडली.

सोंगे बंद करावीत असे यावरून मला मुळीच सुचवावयाचे नाही. जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या सिल्लोड तालुक्यातील निरंजन भाकरे यांनी भारुडातून गावोगाव लोकांना हसवत हसवत व्यसने आणि अंधश्रद्धा यांविषयी जागे केले. त्यांचा ‘बुरगुंडा’ विशेष गाजला होता. २०२१ साली करोनाच्या साथीत ते निवर्तले, तेव्हा या कलेचे मोठेच नुकसान झाले. सोंग अवश्य घ्यावे. परंतु ज्याचा वेष घेतला त्याचे शहाणपणही घ्यावे, आणि हशाचा पहिला मान स्वतःकडे ठेवावा. नातवंडांना घेऊन भारूड पाहावयास जाल तेव्हा हसून झाल्यावर निरूपण संपेपर्यंत थांबा, इतकीच वाचकांस विनंती आहे.