परदेशची नोकरी : पत्रांतील आंकडा व पदरीं पडणारा पैसा

खानदेशांतील माणसाला कामासाठीं घर सोडणें नवें नाहीं. धुळ्याकडील कुटुंबें सुरतेस व मुंबईस जात आलीं आहेत. आतां जळगांव-धुळ्याचा शिकलेला तरुण आखातांत, जर्मनींत किंवा आफ्रिकेंतहि जातो. कोणी वीजकेंद्रांत, कोणी ठिबकसिंचनाच्या कामावर, कोणी संगणकाच्या कचेरींत. नेमणुकीचें पत्र येतांच घरचीं माणसें त्यांतील आंकड्याला रुपयाच्या भावानें गुणून पाहतात, आणि कित्येकदां त्या गुणाकाराच्या भरवशावर शेत गहाण पडतें.

रावेर-यावलच्या केळी पिकविणाऱ्यास हें अधिक सांगावयास नको. भाव बोलला जातो एक. घट, हमाली व भाडें वजा जाऊन हातीं येतें तें निराळेंच. परदेशच्या वेतनाचेंहि असेंच आहे.

पहिली वजावट कराची. सौदी अरेबिया, कतार व संयुक्त अरब अमीरात येथें पगारावर प्राप्तिकर नाहीं. जर्मनींत तो आहे व चढत्या दरानें लागतो. भारतांत कर लागेल कीं नाहीं, हें मुख्यतः दिवसांच्या मोजणीवर ठरतें. नोकरीसाठीं देश सोडणारा नागरिक त्या आर्थिक वर्षांत एकूण १८२ दिवस किंवा अधिक येथें राहिला, तर तो येथील रहिवासी गणला जातो, आणि सामान्यतः त्याची परदेशांतील कमाईहि येथील हिशेबांत येते. १९६१ च्या कायद्यांतील ही मर्यादा २०२५ च्या नव्या कायद्यानेंहि ठेविली आहे.

वर्ष १ एप्रिलला सुरू होतें, म्हणून १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला भरतो. १५ सप्टेंबरला निघालेला मनुष्य मर्यादेच्या आंत असतो. परंतु तोच दिवाळीस तीन आठवडे घरीं येऊन राहिला, तर ती मर्यादा ओलांडली जाते. निघण्याची तारीख व पहिली रजा या गोष्टी मालकाशीं आधींच बोलून घ्याव्या, त्या याचसाठीं. दोन्ही देशांनीं कर मागितला, तर दुहेरी कर टाळण्याचे करार उपयोगी पडतात. मात्र तेथें भरलेल्या कराचा पुरावा जपून ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट वेतनाच्या विभागणीची. अमीरातींत नोकरी सोडतांना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात. पहिल्या पांच वर्षांत दर वर्षामागें २१ दिवसांचें मूळ वेतन असा तिचा हिशेब आहे. एकूण रक्कम तीच ठेवून मूळ वेतन कमी व भत्ते अधिक लिहिले, तर दरमहा कांहीं जाणवत नाहीं. तोटा कळतो तो परततांना. घर, मुलांची शाळा व वर्षाकांठचें तिकीट या सवलती अनेक देशांत उत्पन्न म्हणून धरल्या जातात. त्यांवरील कर कोणी भरावयाचा, हें पत्रांत स्पष्ट असावें. कांहीं कंपन्या आपल्या नोकरास बाहेर पाठवितांना तो मायदेशीं असता तर जेवढा कर कापला गेला असता तेवढाच कापतात, आणि तेथील खरा कर स्वतः भरतात. अशी रीत असल्यास तीहि लिहून मागावी.

तिसरी गोष्ट भविष्यनिर्वाह निधीची. भारताचा या बाबतींतील पहिला करार २००६ सालीं बेल्जियमशीं झाला. पुढें जर्मनीसह इतर देशांशींहि झाले. अशा देशांत कंपनीनें ठराविक मुदतीसाठीं पाठविलेल्या नोकरानें येथील निधि चालू असल्याचा दाखला नेला, तर तेथील वर्गणी द्यावी लागत नाहीं. हा दाखला निघण्यापूर्वीं मागणें हें नोकराचें काम आहे.

या सर्व गोष्टी सही होण्यापूर्वीं मागतां येतात. तेव्हां मालकाला माणूस हवा असतो. एकदां विमान सुटलें व गहाणाचे हप्ते सुरू झाले, म्हणजे मागणाराचा आवाज आपोआप खालीं येतो. म्हणून पत्र आलें कीं गुणाकार करण्यापूर्वीं घरांत एक संध्याकाळ वजाबाकीसाठीं द्यावी, आणि जो आंकडा उरेल त्यावरच शेताचा विचार करावा.