अजेरॅटम : पेरणी, निगा आणि जबाबदारी



येत्या २६ जानेवारीस ध्वजस्तंभाभोवती निळ्या फुलांचे कडे असावे, अशी इच्छा अनेक विद्यार्थ्यांनी बोलून दाखविली. त्यासाठी आम्ही अजेरॅटम हे फूल निवडले आहे. रोपे विकत न आणता बियांपासून तयार करावयाची आहेत. म्हणून थोडी माहिती येथे देत आहोत.

ओळख : ही वनस्पती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. आपल्या दसऱ्याचा झेंडूही तिकडचाच! अजेरॅटम या ग्रीक नावाचा अर्थ ‘म्हातारपण नसलेले’. फुलांचा रंग पुष्कळ दिवस टिकतो, म्हणून हे नाव. फुले लहान, मऊ गोंड्यासारखी असून झुबक्यांनी येतात. निळा-जांभळा रंग मुख्य, शिवाय पांढरा व गुलाबीही असतो. वाफ्यासाठीच्या बुटक्या जाती १५ ते ३० सें.मी. उंच होतात.

पेरणीची वेळ : आपल्याकडे ही हिवाळी फुले. लक्षात ठेवण्यास सोपा हिशेब असा. १७ सप्टेंबर हा हैदराबाद मुक्तीचा दिवस (१९४८). त्या दिवशीचे झेंडावंदन झाले की बी पेरावे. १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाच्या सुमारास रोपे वाफ्यात लावावीत. म्हणजे २६ जानेवारीस वाफा भरलेला दिसेल.

पेरणी कशी करावी : बी अतिशय बारीक, चिमटीत शेकड्यांनी मावते. आपली तांबडी माती वाळली की कडक होते. म्हणून माती, चाळलेले जुने शेणखत व वाळू समभाग घेऊन पसरट कुंडी भरावी. बी कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरावे व तळहाताने हलके दाबावे. त्यावर माती टाकू नये, कारण हे बी उगवण्यास उजेड लागतो. झारीच्या धारेने बी वाहून जाते. म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्यावी. कुंडी सावलीत पण उजेडात ठेवावी. साधारण ७ ते १० दिवसांत अंकुर दिसतात. रोपे दाट झाली किंवा पाणी साचले तर ती मुळाशी कुजून कोलमडतात, यासाठी विरळणी अवश्य करावी.

लागवड व निगा : पाच-सहा आठवड्यांची रोपे संध्याकाळी वाफ्यात लावावीत. अशोकचक्रास २४ आरे, तशी ध्वजस्तंभाभोवती २४ रोपे लावू. दोन रोपांत २५ सें.मी. अंतर ठेवले तर परीघ ६०० सें.मी. होतो. आता वर्तुळाची त्रिज्या किती, हे सातवी-आठवीच्या मुलांनी काढावे. (उत्तर सुमारे ९५ सें.मी.) रोप ८-१० सें.मी. झाले की शेंडा खुडावा, त्यामुळे फांद्या फुटतात व फुले वाढतात. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. शाळा सुटताना बाटल्यांत उरलेले पाणी सांडून न देता वाफ्यास घातले तर वेगळे पाणी कमीच लागेल.

विज्ञानाची गोष्ट : अमेरिकेतील शास्त्रज्ञ विल्यम बॉवर्स व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७६ साली या झाडात ‘प्रिकोसीन’ नावाची द्रव्ये सापडली. त्यांच्या प्रभावाने काही किडींची पिल्ले अवेळी प्रौढ होतात व त्यांना संतती होत नाही. स्वसंरक्षणाचा केवढा हा उपाय! तरी पांढरी माशी व लाल कोळी या झाडावर येतात. पानांची खालची बाजू आठवड्यातून एकदा पाहावी.

सर्वांत महत्त्वाचे : आपल्या शेतकरी पालकांना ओसाडी हे तण परिचित असेल. ती या फुलाची सख्खी बहीण. वाफ्यातले अजेरॅटमही मोकळे सोडले तर तण होऊ शकते. त्याचे बी वाऱ्याने व पाण्याने पसरते. शाळेची शोभा कुणाच्या तुरीच्या शेतात तण होऊन जाऊ नये. म्हणून फूल तपकिरी होताच, बी पिकण्यापूर्वी, ते कात्रीने काढावे. त्याने नवी फुलेही येतात. काढलेली फुले व शेवटी उपटलेली झाडे नाल्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावीत.

दुसरी गोष्ट, या झाडात यकृतास अपाय करणारी द्रव्ये आहेत. शेळ्या-गुरांना ते घालू नये, मुलांनी तोंडात घालू नये व काम झाल्यावर हात धुवावेत. शाळेच्या आवारात शेळ्या येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा लागवडीपूर्वी वाफ्यास काटेरी झुडपांचे का होईना, पण पक्के कुंपण व्हावे, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. कुंपण न झाल्यास यंदा त्या जागी झेंडूच लावू.

प्रत्येक रोपाची जबाबदारी दोन विद्यार्थ्यांकडे राहील. म्हणजे ४८ विद्यार्थी पाहिजेत. इच्छुकांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. नाताळच्या सुटीत पाणी कोण घालणार, हेही नावासोबत लिहावे. फूल लावणे एका दिवसाचे काम, सांभाळणे चार महिन्यांचे आहे.