देवासचे परदेशी मास्तर

परदेशी नोकरीला गेलेला मनुष्य घरी पत्र लिहितो तेव्हा पगाराची गोष्ट एका ओळीत आटपतो आणि उरलेली तीन पाने जेवणखाण, कपडे, हवा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गमती यांत भरतो. आपल्याकडचे शिक्षक आफ्रिकेत गेले, आखातात गेले, अमेरिकेत गेले. त्यांच्या घरी आलेली पत्रे बहुधा अशीच असतात. पण याच्या उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. विलायतेहून शिकवायला आलेले मास्तर एका मराठी राजवाड्यात राहिले आणि त्यांनी आपल्या घरी अशीच पत्रे लिहिली. ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेल्यामुळे आपल्याला वाचायला मिळतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ती का वाचावीत, हे लेखाच्या ओघात कळेलच.

हा राजवाडा माळव्यातला. बाजीरावाबरोबर उत्तरेत गेलेल्या पवारांच्या एका शाखेने धार घेतले आणि तुकोजी व जिवाजी या दोघा भावांनी देवास घेतले. भावांची वाटणी झाली ती अशी की, गाव एक आणि राज्ये दोन! थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या एका बाजूला एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. गावाच्या डोक्यावर देवीची टेकडी आहे, तीदेखील या वाटणीतून सुटली नाही. पुढे १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, तेव्हा कुठे गाव एक झाले. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व त्याच वर्षी क्षयावर उपचारासाठी कोरड्या हवेच्या या गावी गेले आणि १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यामुळे कन्नड विभागाच्या वाचकांनाही देवास हे नाव नवे नसावे.

संस्थानिक अल्पवयी असला की सरकार त्याच्यावर एक इंग्रज शिक्षक-पालक नेमत असे. आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे राजर्षी शाहू महाराज. फ्रेझर नावाच्या अशाच शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण आपल्या धारवाडात झाले, आणि हेच फ्रेझर पुढे म्हैसूरच्या कृष्णराज वडियार यांचेही शिक्षक झाले. या नेमणुकीत राजकारण होतेच. राजा लहान असतानाच त्याला आपल्या वळणावर आणण्याचा तो डाव होता. पण माणूस एकदा रोज समोर बसू लागला की सरकारी आदेशात नसलेल्या पुष्कळ गोष्टी घडतात.

१९०७ मध्ये देवासच्या थोरल्या पातीकडे माल्कम डार्लिंग हे असे शिक्षक म्हणून आले. ते सनदी नोकर, १९०४ मध्ये पंजाबात रुजू झालेले, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचे विद्यार्थी म्हणजे तिसरे तुकोजीराव, ज्यांना जवळची माणसे बापूसाहेब म्हणत. १८८८ चा जन्म, १८९९ मध्ये गादी, आणि राज्याचे अधिकार १९०८ मध्ये. म्हणजे मास्तर सत्तावीस वर्षांचे आणि विद्यार्थी एकोणीसचा, जवळजवळ माझ्या वयाचा! या वयाच्या विद्यार्थ्याला कोणी शिकवत नसते, त्याच्याशी फक्त बोलत असते; आमचे प्राध्यापक याला दुजोरा देतील. डार्लिंग यांचे पंजाबातले सुरवातीचे दिवस एकाकी गेले होते. देवासला त्यांना घर मिळाले. थट्टामस्करी करणारा, देवभोळा, बुद्धिमान आणि विलक्षण मायाळू असा विद्यार्थी मिळाला. अध्यापनाचा काळ थोडाच होता, पण स्नेह जन्मभर टिकला. डार्लिंग यांनी या दिवसांवर लिहिलेले आठवणींचे पुस्तक १९६६ साली, म्हणजे त्यांच्या वयाच्या शहाऐंशीच्या आसपास प्रसिद्ध झाले. इतकी वर्षे मनात राहिलेली नोकरी केवळ नोकरी नसते.

डार्लिंग यांच्याच ओळखीने दुसरे गृहस्थ देवासला आले, ते कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर. हेही किंग्ज कॉलेजचे. तेही शिक्षकी पेशातून गेलेले होते: १९०५ मध्ये जर्मनीतल्या एका घरी त्यांनी मुलींना शिकवले आणि १९०६ मध्ये सय्यद रॉस मसूद या हिंदी तरुणाला लॅटिनची शिकवणी दिली. मसूद हे अलीगढचे सर सय्यद अहमद यांचे नातू. लॅटिन किती आले ते असो, पण त्या शिकवणीमुळे फॉर्स्टर यांना हिंदुस्थान पाहण्याची ओढ लागली. त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी मसूद यांनाच अर्पण केलेली आहे. म्हणजे इंग्रजी वाङ्मयातली एक मोठी कृती आणि देवासची ही सारी हकीकत, दोन्हींच्या मुळाशी एकेक शिकवणी आहे.

फॉर्स्टर प्रथम १९१२ च्या नाताळच्या सुमारास आले ते पाहुणे म्हणून. तेव्हाच्या मेजवानीचे त्यांचे पत्र मला फार आवडते. त्यांना हिंदी पोशाख चढवून जेवायला बसवले. त्यांनी घरी लिहिताना ताटाचा नकाशाच काढला आणि प्रत्येक पदार्थाला क्रमांक देऊन चव लिहिली. त्यात भाताचे तीन ढीग आहेत: एक साधा, एक डाळ-मसाल्याचा, एक बेदाणे घातलेला गोड. सोनेरी वेटोळ्यांचा एक अतिगोड पदार्थ आहे. तोंडात टाकल्यावर क्षणभर काहीच न वाटणारे आणि मग जिभेला आग लावणारे तीन छोटे पदार्थ एका कडेला आहेत, आणि ताटाची ती कड आपल्याला अगदी नकोशी झाली असे साहेब कबूल करतात. इंग्रज वाचकाला हे कोडे वाटत असेल. मराठी वाचकाला हसू येते. ती बहुधा आपली ताटाची डावी बाजू असावी, आणि सोनेरी वेटोळे म्हणजे जिलबी हे सांगायला टीकाकार लागत नाही. एवढ्या मोठ्या लेखकाचे पुस्तक एखाद्या ठिकाणी आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळावे, हा आनंद मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला नेहमी मिळत नाही!

१९२१ मध्ये ते पुन्हा आले, ते महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून, आणि जवळजवळ सहा महिने राहिले. त्यांच्याकडे बागा, टेनिसची मैदाने, मोटारी, पाहुण्यांचा बंगला आणि वीजघर अशी खाती होती. यांतले एकही त्यांना येत नव्हते. वाड्यात नवी कोरी पियानो-हार्मोनियम पडलेली, पण कोरड्या हवेने तडकून एकही वाजण्याजोगे राहिलेले नव्हते. बरोबर आणलेल्या अपुऱ्या कादंबरीची पाने प्रत्यक्ष देशासमोर कोमेजली आणि तेथे ती पुढे सरकेना. असे असून पत्रांत कुरकुर थोडी आणि मजा जास्त. पागोटे, पत्त्यांचे डाव, कोणाशी कोणत्या मानाने बोलावे याचे घोटाळे. एकदा गाडीतून जाताना काळा नाग फणा काढून उभा दिसला, सगळे हबकले, आणि दुर्बिणीतून पाहिले तर ताडाचे खोड! ही गोष्ट पुढे कादंबरीत गेली. ऑगस्टात गोकुळअष्टमीचा उत्सव आला. जुन्या वाड्यात दिवसेंदिवस भजन, बँडचा गोंगाट, गुलाल, मातीचे गोकुळ, आणि महाराज स्वतः देवापुढे गात-नाचत आहेत. फॉर्स्टर हिंदी कपड्यांत, अनवाणी, त्या गर्दीत. मूर्तीची सजावट त्यांना आवडली नाही, आणि ते त्यांनी स्पष्ट लिहिले. तरी १९२४ मध्ये कादंबरी पुरी झाली तेव्हा तिचा शेवटचा भाग याच उत्सवावर उभा होता.

हे सुख केवळ साहेबालाच मिळाले असेही नाही. शेजारच्या धार संस्थानात काशिनाथ कृष्ण लेले हे शिक्षण खात्याचे प्रमुख होते. शाळा तपासणे हे त्यांचे काम. पण त्यांना भोजराजाच्या गावातले जुने दगड वाचण्याचा नाद होता. १९०३ मध्ये तेथील भोजशाळा-कमाल मौला वास्तूतील एका शिळेवर त्यांना मदन कवीच्या ‘पारिजातमंजरी’ या संस्कृत नाटिकेचे पहिले दोन अंक कोरलेले आढळले. शाळाखात्याच्या पगारात हे काम धरलेले नव्हते.

आता खर्चाची बाजू. एवढा पाहुणचार कोणाच्या पैशाने होत होता? थोरल्या पातीचे राज्य साधारण साडेचारशे चौरस मैलांचे, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले, उत्पन्न जमिनीचे. म्हणजे ते सोनेरी वेटोळे शेवटी माळव्यातल्या कुणब्याच्या साऱ्यातून तळले जात होते. नवा राजवाडा बांधून पुरा होण्याआधीच एकीकडून पडत होता. फॉर्स्टर यांनी हे पाहिले, त्यावर विनोद केला, आणि जमाखर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखून सोडून दिला. ऋण काढून सण, ही आपली म्हण तेथे राज्यकारभाराची पद्धत झाली होती. महाराजांचा विवाह १९०८ मध्ये शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्याशी झाला होता, पण तो सुखाचा झाला नाही. युवराज विक्रमसिंह १९२७ मध्ये वडिलांपासून दूर निघून गेले (तेच १९४७ मध्ये कोल्हापूरचे छत्रपती शहाजी झाले). कर्ज वाढत गेले, सरकारने कारभारात हात घालायचे ठरवले, आणि १९३३ अखेर महाराज यात्रेच्या निमित्ताने निघाले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. १९३७ मध्ये तेथेच वारले. आज त्याच देवासात सरकारचा नोटा छापण्याचा कारखाना आहे!

याच सुमारास त्यांचे मास्तर काय करीत होते? पंजाबच्या सहकार खात्यात काम करून डार्लिंग हे शेतकऱ्याच्या कर्जाचे सर्वांत मोठे जाणकार झाले होते. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पंजाबी शेतकऱ्यावरील ग्रंथाचे नाव ग्रामीण पतपुरवठा शिकताना आजही घेतले जाते. त्यांच्या पाहणीतल्या जमीनमालकांपैकी कर्जमुक्त जेमतेम १७ टक्के निघाले. त्यांनी दाखवून दिले की कर्ज फक्त गरिबीतून येत नाही. लहान जमीन, मेलेली जनावरे, लग्नातला खर्च ही कारणे आहेतच. पण जमिनीची किंमत वाढली की पत वाढते, पत वाढली की सावकार दारात येतो, आणि भरभराटीच्या प्रदेशातच कर्ज फुगते. हे वाचताना देवासच्या आपल्या लाडक्या विद्यार्थ्याची त्यांना आठवण येत नसेल का? राजाची पत तर शेतकऱ्यापेक्षा किती मोठी!

काही जण म्हणतील, मग हे मास्तर फसले. मला तसे वाटत नाही. वर्षादीड वर्षाच्या शिकवणीने कोणी हिशेबी होत नाही. वर्षानुवर्षे तास होऊनही आमच्या वर्गात तसे फारसे झालेले नाहीत. शिवाय डार्लिंग यांना सरकारने पाठवले होते ते राजाला राजनिष्ठ करण्यासाठी, काटकसरी करण्यासाठी नव्हे. माझी तक्रार दुसरीच आहे. एवढी मनमोकळी पत्रे, पण त्यांत ताट आहे, ताट वाढणारे फारसे नाहीत. साऱ्याची पावती कोणाच्या नावावर फाटली ते त्यांत कुठेही दिसत नाही. पाहुण्याला ते दिसणे कठीण असते हे मान्य. डार्लिंग यांनाही ते दिसले ते पंजाबात, पाहुणेपण संपल्यावर, सावकाराच्या वह्या उघडल्यानंतर.

महाराज पाँडिचेरीला गेल्यानंतर वर्तमानपत्रांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यांना नादान ठरवले. १९५३ मध्ये फॉर्स्टर यांनी जुनी पत्रे एकत्र करून ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढले. त्यात कर्ज लपवलेले नाही, पडका राजवाडा लपवलेला नाही, आणि त्या माणसाची माया, त्याची थट्टा, त्याची भक्ती हीही तितक्याच ठळकपणे लिहून ठेवली आहे. डार्लिंग आणि फॉर्स्टर या दोघांनीही अखेरपर्यंत बापूसाहेबांची बाजू सोडली नाही. पुस्तक लहान आहे आणि इंग्रजी सोपे आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मेजवानीच्या पत्रापासून सुरवात करावी, आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक क्रमांकापुढे पदार्थाचे मराठी नाव लिहून पाहावे. मला तीन नावे अजून लागलेली नाहीत.