ब्राउझरमधला दूरस्थ डेस्कटॉप : क्लायंटच्या निवडीचा मागोवा

दूरच्या संगणकाचा पडदा ब्राउझरमध्ये पाहण्याची सोय व्हीएनसीच्या जन्मापासूनची आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी अँड ओरॅकल रिसर्च लॅबने १९९८ मध्ये ही प्रणाली खुली केली, तेव्हा सर्व्हर ५९०० या पोर्टपासून पडद्याची चित्रे पुरवत असे आणि ५८०० पासून एक लहानसे वेबपान. त्या पानातले जावा ॲप्लेट हाच क्लायंट. मायक्रोसॉफ्टने टर्मिनल सर्व्हिसेससाठी ॲक्टिव्हएक्स घटक दिला. त्याला इंटरनेट एक्स्प्लोरर लागे. निवडीला वाव असा नव्हताच. सर्व्हर ठरला की क्लायंट आपोआप ठरे.

चित्र पालटले ते २०१० मध्ये. कॅनव्हास आणि वेबसॉकेट या दोन सोयी ब्राउझरांत येऊ लागल्या आणि प्लगइनविना क्लायंट लिहिता येईल असे दिसू लागले. तो कसा लिहावा, या प्रश्नाची त्याच वर्षी पुढे आलेल्या दोन प्रकल्पांनी अगदी वेगळी उत्तरे दिली. जोएल मार्टिन यांच्या नोव्हीएनसीने व्हीएनसीची सगळी भाषा जावास्क्रिप्टमध्ये आणली. पडद्याच्या बदललेल्या आयतांचा अर्थ ब्राउझरच लावतो. मधला वेबसॉकिफाय फक्त वेबसॉकेटवरचे बाइट साध्या टीसीपी जोडणीवर पुढे ढकलतो. सुरुवातीच्या वेबसॉकेटवरून केवळ मजकूर जात असल्याने चित्रेही बेस६४ मध्ये बांधावी लागत आणि माहिती सुमारे एक तृतीयांशाने फुगे. डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचे मानक पक्के झाले, त्यात बायनरी माहितीची सोय होती आणि ही अडचण हळूहळू सरली.

मायकल जम्पर यांच्या ग्वाकामोलीने भाषांतराचे काम ब्राउझरकडे न देता मधल्या ग्वाकडी या सेवेकडे दिले. ती सर्व्हरशी आरडीपी, व्हीएनसी किंवा एसएसएच यांपैकी हवे ते बोलते आणि ब्राउझरला मात्र ग्वाकामोलीच्या स्वतःच्या सोप्या भाषेत चित्रे धाडते. त्यामुळे विंडोज आणि लिनक्स सर्व्हर एकाच लॉगिनखाली येतात, आरडीपीचा आवाज ऐकू येतो, फायलींची देवाणघेवाण होते. बदल्यात ग्वाकडीबरोबर टॉमकॅटसारखा जावा सर्व्हरही सांभाळावा लागतो. एकट्या लिनक्स यंत्रासाठी एवढा पसारा मांडणे क्वचितच शहाणपणाचे ठरते.

जुन्या मार्गाचा शेवट टप्प्याटप्प्याने झाला. जानेवारी २०१४ पासून जावाने सही नसलेली ॲप्लेट अडवायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने जावाचा प्लगइन बंद केला. सर्व्हरच्या व्यवस्थापन कार्डांवर जावाचा कन्सोल अडकून पडलेल्या प्रशासकांना केवळ त्यासाठी एखादा जुना ब्राउझर जपून ठेवावा लागला. तोवर ओपनस्टॅक आणि प्रॉक्समॉक्स यांनी आभासी यंत्रांच्या कन्सोलसाठी नोव्हीएनसी स्वीकारले होते. ग्वाकामोली २०१७ च्या अखेरीस अपाचेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. मायक्रोसॉफ्टचा एचटीएमएल५ क्लायंट २०१८ मध्ये आला, पण त्याला गेटवे आणि कनेक्शन ब्रोकर यांसह अख्खी रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसची मांडणी लागते. सुट्या संगणकाला त्याचा उपयोग नाही.

सुरक्षेच्या बाबतीत दोन्ही मार्गांची दुखणी निराळी. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच धरली जातात आणि पडद्याची माहिती उघडी जाते, म्हणून नोव्हीएनसीपुढे टीएलएस असलेला प्रॉक्सी हवाच. ग्वाकामोलीत सगळ्या जोडण्या एका दारातून जातात, म्हणून दाराचीच राखण महत्त्वाची. दुरून काम सर्रास झालेल्या २०२० मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी दाखवले, की आतला एखादा बाधित संगणक उलट ग्वाकडीवरच हल्ला करू शकतो. १.२.० या आवृत्तीत ती भगदाडे बुजवली गेली.

निवड करताना सर्वांत कमी तपासला जाणारा आणि रोजच्या कामात सर्वांत जास्त बोचणारा भाग कीबोर्डचा. नोव्हीएनसी साधारणपणे उमटलेले अक्षर पाठवते. क्यूईएमयूचा कळविस्तार असलेल्या सर्व्हरला मात्र कळीचा क्रमांकही मिळतो आणि तो ग्राह्य धरला, तर सर्व्हरवरची मांडणी लागू होते. मराठी टंकणाऱ्याने आपल्या यंत्रावर इनस्क्रिप्ट निवडले आणि पलीकडे इंग्रजी मांडणी राहिली, तर ‘क’ची कळ दाबून ‘के’ हे रोमन अक्षर उमटते. अशा वेळी इनस्क्रिप्ट पलीकडे बसवणेच सोयीचे. ग्वाकामोलीत आरडीपीसाठी कीबोर्डची मांडणी ठरवता येते आणि त्या मांडणीत न बसणारे अक्षर युनिकोड म्हणून जाते. इनपुट पद्धतींसाठी मजकूर टंकण्याचा वेगळा पर्यायही आहे. कंट्रोल-डब्ल्यूने दूरची खिडकी बंद होण्याऐवजी ब्राउझरचा टॅबच मिटतो, यावर क्लायंट कोणताही असला तरी इलाज ब्राउझरच्याच हाती. क्रोमियमच्या कुळातले ब्राउझर पूर्ण पडद्यावर असताना अशा कळा पानाच्या ताब्यात देऊ शकतात, पण ती सोय क्लायंटने मागून घ्यावी लागते.