पिन कुठली?

२००६ साली तपकीर गल्लीत इअरफोन मागितला की पहिला प्रश्न यायचा, "पिन कुठली?" कंपनी नंतर, किंमत नंतर, आवाज तर विचारायचाच नाही. आपण खिशातला फोन काउंटरवर ठेवायचा, दुकानदार तो उलटा करून बुडाकडे बघायचा आणि मागच्या भिंतीवरच्या असंख्य हुकांपैकी एकावरून पाकीट ओढून काढायचा. नोकियाची पॉप-पोर्ट वेगळी, कुणाची अडीच मिलिमीटरची बारीक, कुणाची मिनी यूएसबी. फोन बदलला की धडधाकट इअरफोनसुद्धा घरी बसायचा.

माझ्याकडे तेव्हा सोनी एरिक्सनचा डब्ल्यू ८१० होता. त्याचीही पिन त्याचीच, रुंद आणि चपटी. पण त्याच्या हँड्सफ्रीचे दोन तुकडे असत. फोनकडच्या तुकड्यात माइक आणि बटण, आणि शेवटी साडेतीन मिलिमीटरचं साधं भोक. कानाकडचा तुकडा मेला की बाजारातला कुठलाही इअरफोन तिथे खोचायचा. १९७९च्या पहिल्या वॉकमनलाही हीच पिन होती, त्यामुळे घरातल्या जुन्या वायरीही चालायच्या. इतकी शहाणी सोय नंतर मला क्वचितच दिसली. तिच्या जिवावर मी दोन वर्षांत तीन इअरफोन मारले.

मारले म्हणजे एकेक कान गेला. वायर तुटते ती बहुधा दोनच जागी: पिनेच्या मानेशी, नाहीतर एका वायरीच्या दोन होतात तिथे. एकदा चिडून मीच सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलो. आत केसासारख्या तारा, मधे दोरा. लाल उजव्या कानाची, हिरवी डाव्याची, तांबूस ती दोघांत सामाईक. सोल्डर काही धरेना. थेंब गोल होऊन टेबलावर घरंगळायचा. तिसऱ्या रविवारी कुणीतरी सांगितलं की त्या तारांचा रंग म्हणजे इनॅमलचा थर आहे, आधी तो जाळावा लागतो. काडी ओढली, तारा क्षणभर हिरव्या ज्योतीने पेटल्या आणि मग सोल्डर मुकाट्याने बसलं. तो इअरफोन पुढे चार महिने चालला. चाळीस रुपयांच्या वस्तूवर तीन रविवार घालवणं शहाणपणाचं नव्हे हे बायकोने तेव्हाच सांगितलं होतं.

दोन्ही कान गेलेले इअरफोनही आमच्याकडे फेकले जात नसत. फोनमधला एफएम रेडिओ इअरफोनच्या वायरीलाच अँटेना समजतो, ती खोचल्याशिवाय लागतच नाही. माझे वडील मेलेला इअरफोन खोचून, वायर खिडकीच्या गजाला गुंडाळून, विविध भारती स्पीकरवर लावत.

मग हळूहळू सगळे साडेतीन मिलिमीटरवर आले. नोकियाच्या २००७च्या ५३१० एक्सप्रेसम्युझिकला ते भोक थेट डोक्यावर होतं. वाटलं, पिनेचं भांडण मिटलं. खरं तर ते दिसेनासं झालं होतं, इतकंच. माइकवाल्या पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार पट्टे असतात. पहिले दोन डाव्या-उजव्या कानाचे, यावर सगळ्यांचं एकमत. उरलेल्या दोनांत माइक आधी की अर्थ, म्हणजे ती सामाईक तार, आधी, यावर दोन पंथ: ओएमटीपी आणि सीटीआयए. नोकिया पहिल्या पंथातली, ॲपल दुसऱ्या.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नव्या अँड्रॉइड फोनला मी नोकियाचा चांगला हेडसेट लावला, तर गाण्यातून गायिका गायब! व्हायोलिनं आहेत, ताल आहे, कुठूनतरी विहिरीतून आल्यासारखा घुमारा आहे, बाई नाहीत. जुनं मोनो भावगीत लावलं तर जवळजवळ काहीच नाही. फोन बिघडला म्हणून दुकानात गेलो. दुकानदाराने हेडसेट स्वतःच्या कानात घातला, माइकचं बटण दाबून धरलं आणि माझ्याकडे दिला. बाई परत आल्या होत्या. बटण सोडलं की पुन्हा गेल्या. अर्थ सुटल्यामुळे दोन्ही कानांना फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येत होता. गायिका बरोबर मध्यभागी असते, दोन्हीकडे सारखी, म्हणून ती वजा होते. मोनो गाण्यात तर सगळंच दोन्हीकडे सारखं. बटण दाबलं की माइक आणि अर्थ जोडले जातात, सर्किट पुरं होतं. पाकिटावर या पंथाचा उल्लेख शोधूनही सापडायचा नाही. पाकिटावर असायचं 'एक्स्ट्रा बास'.

बासची गोष्ट तर आणखी लाजिरवाणी. कानाच्या आत जाणाऱ्या रबरी टोकांचे इअरफोन आपल्याकडे रुजले त्या काळात क्रिएटिव्हचा ईपी-६३० आणि सेनहायझरचा सीएक्स ३०० ही दिसायला जुळी भावंडं फार नावाजलेली. मी त्यातला एक घेतला, मग दुसऱ्या कंपनीचा, मग तिसरा. प्रत्येक वेळी तक्रार तीच: आवाज पत्र्यासारखा. पाकिटावरचे ओहम आणि डेसिबल वाचायला शिकलो, लोकांशी वाद घातले. सोबत रबरांच्या तीन जोड्या यायच्या, लहान, मध्यम, मोठी. मध्यम आधीच बसवलेली असायची, म्हणून तीच राहायची. बाकीच्या दोन पिशवीसकट गहाळ.

रबर कानाच्या भोकात घट्ट बसलं नाही तर खालचे सूर फटीतून निसटतात, यंत्र कितीही चांगलं असो. बाहेरचा गोंगाट त्याच फटीतून आत येतो, म्हणून बसमध्ये आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि आवाज चढला की हे तास झपाट्याने कमी होतात. माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा निघाला. डाव्याला मोठं रबर, उजव्याला मध्यम. हे कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्या दिवशी काढून टाकलेले दोन जुने इअरफोन पुन्हा लावून पाहिले. दोन्ही उत्तम होते.

२०१६च्या सप्टेंबरात आयफोन ७ आला तो भोकाशिवाय, आणि बाकीच्यांनी आधी त्याची टिंगल केली, मग तेच केलं. त्यानंतरच्या वर्षांबद्दल मला फारसं ममत्व नाही. आधी सी टाइपच्या शेपट्या आल्या. एका फोनवर चालणारी दुसऱ्यावर मुकी, कारण काहींच्या पोटात डिजिटलचा आवाज करणारी चिप असे, काहींत नुसत्या तारा. मग गळ्यातले पट्टे, मग सुट्ट्या बोंडांची डबी. यात वायर तुटत नाही. एक बोंड हरवतं, नाहीतर आतली चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते, आणि चिकटवून बंद केलेलं ते बोंड उघडायचं तर ते मोडावंच लागतं. सोल्डरिंग आयर्न तेव्हापासून माळ्यावर आहे.

गेल्या वर्षी मी पुन्हा वायरवाला घेतला. याची वायर बोंडापासून सुटी होते, तुटली तर तेवढीच बदलायची. रबरं मात्र सैल पडली म्हणून गल्लीत गेलो. आता काउंटरवर मुलगा बसतो. त्याला म्हटलं, एक मोठं दे, एक मध्यम. तो म्हणाला, "काका, जोडीच मिळेल." मी बराच हिशेब मांडला, दोन जोड्या घ्यायच्या म्हणजे त्यातली दोन फुकटच जाणार. त्याने चारही रबरं काचेवर मांडली, एक मोठं आणि एक मध्यम माझ्याकडे सरकवलं. उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे काय मग? पुढच्या वेळचं."