इस्ट्रोजेन आणि ‘निखळ’ पुरुष

वस्तीत इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. घरातला पहिला पदवीधर मी, त्यात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. तेव्हा कोर्टाच्या नोटिशीपासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत सगळे मीच वाचून दाखवायचे. मागच्या पावसाळ्यात एक जुना विद्यार्थी असाच रिपोर्ट घेऊन आला. जन्माच्या दाखल्यावर तो मुलगी आहे. स्वतः तो पुरुष आहे, आणि दीड वर्षापासून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतो आहे. इस्ट्रॅडिओल या इस्ट्रोजेनच्या आकड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “सर, हे शून्य कसं करायचं?” त्यासाठीच्या गोळ्यांचे नावही त्याने कुणाकडून तरी लिहून आणले होते.

त्याला जे सांगितले तेच इथे मांडतो. कारण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

इस्ट्रोजेन बाईचे आणि टेस्टोस्टेरॉन पुरुषाचे, ही वाटणी माणसाने केली आहे. १९३४ साली बर्नहार्ड झोंडेक या शास्त्रज्ञाला इस्ट्रोजेनचा प्रचंड साठा सापडला तो घोड्याच्या लघवीत. घोडीच्या नव्हे, नराच्या. ॲरोमॅटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनपासूनच इस्ट्रॅडिओल तयार करते. माणसात हे काम चरबीत, हाडांत, मेंदूतही चालते. म्हणून जन्माने पुरुष असलेल्याच्या रक्तातही दर मिलिलिटरला साधारण १० ते ४० पिकोग्रॅम इस्ट्रॅडिओल असते.

आणि ते लागते. १९९४ साली अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याचे टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते. पण इस्ट्रोजेनचा त्याच्या शरीरावर परिणामच होत नव्हता. त्या वयातही त्याची उंची वाढत होती आणि हाडे विरळ झाली होती. पुरुषाचे हाडही इस्ट्रोजेनवाचून टिकत नाही, हे त्यातून दिसले. ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल या ॲरोमॅटेज रोखणाऱ्या गोळ्या मुख्यतः स्तनाच्या कर्करोगासाठी वापरतात. हाडे झिजणे हा त्यांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. पारलिंगी पुरुषांच्या नेहमीच्या उपचारात त्या येत नाहीत.

मग सांभाळायचे काय? टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या पातळीत, म्हणजे दर डेसिलिटरला ३०० ते १००० नॅनोग्रॅमच्या दरम्यान, स्थिर ठेवायचे. ते साधले की इस्ट्रॅडिओल बहुधा आपोआप उतरते, आणि पाळी बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत थांबते. थांबली नाही किंवा परत सुरू झाली, तर मात्रा कमी पडते का, इंजेक्शन चुकले का, हे आधी पाहावे; तसे नसेल तर तपासणी करून दुसरे कारण शोधावे. मनानेच मात्रा दुप्पट करू नये. वाढीव टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनच होतो, शिवाय रक्त दाट होते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेले तर डॉक्टरांना मात्रा आवरावी लागते.

इंजेक्शननंतर पातळी चढते, पुढच्या इंजेक्शनच्या आधी उतरते. म्हणून रक्त कितव्या दिवशी काढले हे रिपोर्टवर लिहिलेच पाहिजे. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. चढउतार फार असेल तर डॉक्टर मात्रा लहान करून अंतर कमी करू शकतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एक-दोनदा तपासणी करावी. आणखी एक: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असे नव्हे. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने संप्रेरकोपचाराची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. पण तज्ज्ञ डॉक्टर शहरात, आणि तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. मग पोरे ऐकीव माहितीवर औषध घेतात. ही सोय तालुक्यापर्यंत यावी, ही मागणी आपल्या चळवळीनेही केली पाहिजे.

त्या मुलाचा आकडा ३४ होता. मी म्हटले, “बाळा, माझं रक्त तपासलं तरी असाच काहीतरी आकडा येईल.” शुद्ध-अशुद्धाचा हिशेब आपल्या पिढ्यांनी भोगला आहे, तोच हिशेब आपल्याच रक्तात कशाला मांडायचा? गोळ्यांची चिठ्ठी त्याने माझ्याकडेच ठेवली, आणि इंजेक्शनांच्या तारखा लिहून काढायला वही मागून घेतली.