विश्लेषण : जुन्या आरसी टूरिंग कारला नवी बॅटरी का सोसत नाही?

लोणारमध्ये एखाद्याच्या माळ्यावर जपानी तामिया कंपनीची नव्वदच्या दशकातील टीए०१ सापडली, तर नवी बॅटरी लावण्याची घाई नको. ही १/१० मापाची, चारही चाकांना गती देणारी रिमोट कार ७.२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी घडवलेली आहे.

आजची ७.४ व्होल्टची लिपो तिच्यावर चालते. मात्र सेल ३ व्होल्टखाली उतरला तर लिपो खराब होते, फुगते. जुना स्पीड कंट्रोलर ते रोखत नाही. म्हणून आधी लिपो कटऑफचा कंट्रोलर हवा.

जोरदार ब्रशलेस मोटर जुन्या प्लास्टिक गिअरचे दात मोडू शकते. सौम्य मोटर बरी. काळ्या मातीच्या धुळीसाठी सीलबंद बेअरिंग घालावीत. काढलेले मूळ भाग मात्र जपावेत. दुर्मीळ गाडीची किंमत त्यांतच असते.